विहिरीवरच्या मोटारीचा बोर्ड घरीच छापला



मागच्या नोंदीत पडवीतला एक फोटो टाकला होता. खताच्या गोण्यांशेजारी टेबलावर झाकण काढलेला जुना शाईचा प्रिंटर. तो बघून बऱ्याच जणांनी विचारलं, काय तात्या, लग्नाच्या पत्रिका छापायचा धंदा काढला का? धंदा बिंदा काही नाही. त्या प्रिंटरवर आम्ही तांब्याचे सर्किट बोर्ड छापतो, विहिरीवरच्या मोटारीसाठी. कसं ते आज सविस्तर लिहितो. लांबलचक होईल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

आधी गरज काय ते सांगतो. आमची विहीर साठ फूट. गोदावरी कालव्याचं आवर्तन चालू असलं की पाझर भरपूर. आवर्तन बंद झालं की पंधरा दिवसांत पाच एचपीची मोटार दोन-अडीच तासांत विहीर तळाला नेते. उन्हाळ कांदा पोसायला लागतो नेमका त्याच दिवसांत. लाइट रात्रीची असली तर कुणीतरी विहिरीवर बसायचं, पाणी सुटलं की मोटार बंद करायची. पाण्यातली मोटार पाण्यानंच थंड राहते. ती कोरडी चालली की आधी सील आणि बुश जातात, मग वाइंडिंग जळतं. मोटार वर काढणं, कोपरगावला नेणं, भरून आणणं, परत सोडणं, यात चार-पाच दिवस जातात. पैसे जातात ते वेगळंच, पण त्या चार-पाच दिवसांत कांदा जो मार खातो तो नंतर पाणी देऊन भरून निघत नाही. आणि बाजूला उभा ऊस. बिबट्याच्या भीतीनं रात्री विहिरीवर पोराला पाठवायला घरातल्या बायामाणसांचा जीव होत नाही.

यावर तयार पेटी मिळते. पाणी खाली गेलं की मोटार बंद करणारी. मी तीन वर्षांपूर्वी एक घेतली होती. दोन पावसाळे चांगली चालली, तिसऱ्याला बंद पडली. उघडून बघितली तर आत सगळं काळ्या डांबरासारख्या लगद्यात बुजवलेलं. जो भाग थोडा उघडा होता तिथल्या आयसीवरचे आकडे घासून टाकलेले. विकणारा म्हणला, दुरुस्ती होत नाही, नवीन घ्या.

मला राग पैशाचा आला नाही. तिफण मोडली तर सुतार नीट करायचा, फाळ झिजला तर लोहार शेवटायचा. इंजिन, पंप, ट्रॅक्टर आले, त्यांचेही मिस्तरी गावात तयार झाले. ही चार इंचाची पेटी मात्र अशी की तिच्यात काय आहे हेच मालकाला कळू द्यायचं नाही.

पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला आहे. सुट्टीला आला तव्हा पेटी त्याच्यापुढं ठेवली. तो म्हणला, "तात्या, यात काय नाय. एक ५५५ आयसी, एक ट्रान्झिस्टर, एक रिले."

"मंग कर की."

"करतो. पण बोर्ड लागंल."

ही ५५५ आयसी हान्स कॅमेन्झिंड नावाच्या माणसानं आखली आणि १९७२ साली बाजारात आली. आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाचं साल. इतकी जुनी, पण आजही कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते आणि चहाच्या पैशात मिळते. तिचा आपल्याला उपयोग असा की तिला दोन पातळ्या समजतात. विहिरीत तीन स्टेनलेस स्टीलच्या सळया सोडायच्या. एक तळापर्यंतची, एक फुटबॉलच्या वर फूटभर, तिसरी त्याच्या बरीच वर. पाणी मधल्या सळईच्या खाली गेलं की मोटार बंद. आणि वरच्या सळईला पाणी टेकेपर्यंत ती चालू होऊ द्यायची नाही, म्हणजे चालू-बंद, चालू-बंद असा खेळ होत नाही.

मोटार आपोआप चालू करायचं काम आम्ही या बोर्डाला मुद्दाम दिलेलं नाही. लाइट आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर डीपी जळते, मग आठ-दहा दिवस सगळ्यांचीच पिकं सुकतात. चालू हातानं करायची, बंद बोर्ड करील.

आता बोर्ड म्हणजे काय? फायबरच्या पट्टीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. पट्टीची जाडी १.६ मिलिमीटर, तांब्याची ३५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण निम्मी. जिथं तार पाहिजे तिथलं तांबं ठेवायचं, बाकीचं विरघळवून काढायचं. जे ठेवायचं त्यावर काहीतरी लेप पाहिजे. पॉल आइस्लर हा मूळचा ऑस्ट्रियाचा इंजिनिअर. छपाईच्या कामातला जाणकार. त्यानं लंडनमध्ये १९३६ च्या सुमारास असा छापील बोर्ड घालून रेडिओ तयार केला. प्रिंटेड सर्किट हे नाव छपाईवरूनच आलं. म्हणजे प्रिंटरवर बोर्ड छापणं ही काही वेडी कल्पना नव्हे, मूळ घरालाच परत येणं आहे.

लेप देण्याच्या रीती बऱ्याच आहेत. एकच बोर्ड करायचा तर पक्क्या शाईच्या मार्करनं हातानं रेघा मारल्या तरी चालतं. दुसरी रीत लेझर प्रिंटची. गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट काढायची, तांब्यावर पालथी घालून कपड्याच्या इस्त्रीनं दाबायची, मग कागद भिजवून सोडवायचा. काळी पावडर तांब्यावर राहते. ही रीत सोपी, पण कागद सोलताना बारीक रेघ उचलून येते. आणि दर वेळी प्रिंटसाठी तालुक्याला जावं लागतं. आमच्या डीपीवर पाच जणांच्या मोटारी. एकाची विहीर, एकाची बोअर, एकाचं शेततळं. प्रत्येकाला आकृतीत थोडा बदल पाहिजे होता. म्हणून पुतण्यानं तिसरी रीत धरली. शाईच्या प्रिंटरमधून कागद न काढता बोर्डच काढायचा. परदेशात हौशी लोक ही गोष्ट बऱ्याच वर्षांपासून करतात. भंगारवाल्याकडून सहाशे रुपयांत एपसनचा प्रिंटर आणला.

एपसनचाच का? शाईचे प्रिंटर दोन जातीचे. एका जातीत शाईला क्षणभर चटका देतात, वाफेचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर ढकलतो. दुसऱ्या जातीत विजेनं आकार बदलणारा स्फटिक असतो, तो पिचकारीसारखा दाब देतो. एपसनच्या घरगुती प्रिंटरमध्ये ही दुसरी जात. शाई तापवायची नसल्यामुळं वेगळी शाई घालून बघायला ती जास्त सोसते. थेंबाचं माप पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरचा लाख-कोटीवा भाग. शेवटी नोझलच ते. ज्यानं ठिबक आणि फवारणी पंप सांभाळला आहे त्याला यात परकं काही नाही. फिल्टर चोंदला, दाब कमी झाला, नोझल वाळलं, हेच आजार.

प्रिंटरमध्ये तीन कामं करावी लागतात.

पहिलं काम उंचीचं. साध्या कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. आपला बोर्ड म्हणजे सोळा कागद एकावर एक. शिवाय तो वाकत नाही. त्यामुळं कागद मागून सरळ आत जाऊन पुढं निघतो असाच प्रिंटर घ्यायचा, पोटात वळसा घेणारा चालत नाही. डोकं ज्या दांड्यावर सरकतं तो दांडा दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीचे वायसर घालून वर उचलायचा. पण तेवढ्यावर भागत नाही. काम संपल्यावर डोकं उजव्या कोपऱ्यात रबराच्या टोपीवर जाऊन बसतं. डोकं जेवढं उचललं तेवढीच ती टोपीही उचलावी लागते. नाहीतर नोझल उघडी राहतात आणि आपल्या चैत्र-वैशाखात दोन दिवसांत खडखडीत वाळतात. पुढच्या बाजूला बारीक दातेरी चाकं असतात, ती काढून टाकायची. ती ओल्या शाईवर टिंब उठवतात.

दुसरं काम कागदाच्या सेन्सरचं. आत एक छोटी जीभ असते. कागद आला की ती हलते आणि प्रिंटरला समजतं. बोर्ड सुटा न घालता ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर चिकटपट्टीनं बसवायचा. पत्र्याची पुढची कड त्या जिभेला बरोबर लागली पाहिजे. पत्रा दर वेळी एकाच जागी लागला की छपाईही एकाच जागी येते.

तिसरं काम शाईचं, आणि खरी मेख तिथंच आहे. रंग पाण्यात विरघळलेली साधी शाई घातली तर पुढच्या द्रावणात ती धुऊन जाते. पिगमेंटची शाई पाहिजे, जिच्यात रंगाचे बारीक कण आणि धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य असतं. छापून झाल्यावर ती तापवली की घट्ट बसते. पुतण्या हॉट एअर गननं जवळपास दोनशे अंशांपर्यंत तापवतो, फायबर करपणार नाही अशा बेतानं.

तरीसुद्धा नुसत्या तांब्यावर शाई धरत नाही. गोळा होऊन थेंब थेंब बसते. हे बघितल्यावर मला लगेच कांद्याची पात आठवली. पातीवर मेणाचा थर असतो, स्टिकर न घालता फवारलं तर औषध मोत्यासारखं घरंगळून जातं. तांब्याचंही तसंच. हाताचा तेलकटपणा आणि वरची चकाकी काढावी लागते. बारीक स्टील वूलनं घासायचं, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसायचं, मग थोडा वेळ तांबं खाणाऱ्या द्रावणात बुडवून स्वच्छ धुऊन कोरडं करायचं. पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो आणि शाई पसरून बसते. त्यानंतर बोट लावायचं नाही, कडेनं धरायचं.

एक बारकी गोष्ट, पण नव्या माणसानं ध्यानात ठेवावी. इस्त्रीच्या रीतीत चित्र पालथं पडतं, म्हणून ते आपोआप उलटं होतं. इथं सरळ तांब्यावर छापायचं असल्यानं संगणकातच आरशासारखं उलटं करून घ्यावं लागतं. आयसीचे पाय आकृतीशी जुळवून बघितल्याशिवाय बोर्ड द्रावणात टाकू नये.

द्रावण फेरिक क्लोराइडचं. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन त्यात पावडर थोडी थोडी टाकायची. पावडरवर पाणी ओतायचं नाही, एकदम तापतं. ठिबकला ॲसिड देताना ॲसिड पाण्यात घालतो, पाणी ॲसिडमध्ये नाही, तोच नियम. हातमोजे, चष्मा आणि जुने कपडे, कारण त्याचा पिवळट तांबडा डाग जात नाही. पितळी, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, ते भांडंच खातं. द्रावण कोमट असलं आणि टब हलवत राहिलं की दहा-वीस मिनिटांत उघडं तांबं निघून जातं. मग धुवायचं, थिनरनं शाई पुसायची, मिलिमीटरभराची भोकं पाडायची आणि सुटे भाग डाग देऊन बसवायचे. आम्ही रेघा मिलिमीटरच्या खाली नेतच नाही. प्रिंटर याहून बारीक काढतो, पण शेतावरच्या बोर्डाला नाजूकपणाची गरज नाही.

आता ज्यासाठी मी ही नोंद लिहायला बसलो ती गोष्ट. वापरून झालेलं द्रावण कुठं टाकायचं?

त्यात विरघळलेलं तांबं असतं. आपण डाळिंबाला, द्राक्षाला बोर्डो मारतो. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. चुना कमी पडला का हे बघायला त्यात लोखंडी चाकू बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला की मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना घाला. या द्रावणालाही तीच परीक्षा लागू पडते. त्यात गंजके खिळे टाकून ठेवले की लोखंड विरघळतं आणि तांबं तांबड्या गाळासारखं खाली बसतं. आठवड्यानं नवा खिळा बुडवायचा. तो लाल झाला नाही की चुन्याची निवळी घालून सगळं निवू द्यायचं. मग प्लॅस्टिकच्या घमेल्यात उन्हात आटवायचं आणि उरलेला गाळ डब्यात बंद करून पोरं-जनावरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवायचा. हे काम मोकळ्या हवेत करायचं, बंद खोलीत नाही.

चारीत, ओढ्यात, उकिरड्यावर यातला एक थेंबही जाता कामा नये. पिकाला तांबं लागतं ते ग्रॅमच्या हिशोबात. जास्त झालेलं तांबं पाण्याबरोबर वाहून जात नाही, मातीला धरून बसतं. आणि मेंढराला तांबं इतर जनावरांपेक्षा फार लवकर बाधतं. कांदा निघाल्यावर आपल्या रानात मेंढ्या बसवतो. त्यांच्या चाऱ्यात हे गेलं तर पाप कुणाच्या माथी? पाच बोर्डांचं द्रावण एका बरणीत मावतं. तेवढं सांभाळायची तयारी नसेल त्यानं ही रीत धरूच नये, तयार बोर्ड मागवावा.

बोर्ड झाला म्हणजे काम झालं असंही नाही. पाच एचपीच्या स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते. ते ४१५ व्होल्ट घरी केलेल्या बोर्डावर आणायचे नाहीत. आमच्या बोर्डावर फक्त १२ व्होल्ट. कॉइल तोडायचं काम वेगळ्या, तेवढ्या व्होल्टच्या रिलेला दिलं आहे आणि ती जोडणी वायरमनकडून करून घेतली. विहिरीत सोडलेल्या सळयांना साधा बॅटरीएवढाच दाब जातो, तोही ट्रान्सफॉर्मरनं लाइनपासून पूर्ण तोडलेला. यात तडजोड नाही.

दुसरा शत्रू पावसाळा. उघडं तांबं हिरवं पडतं. स्टार्टरच्या पेटीत मुंग्या घर करतात आणि पाली शिरतात, हे आपल्याला नवीन नाही. त्याला उपाय मोटार भरणाऱ्याकडं मिळाला. वाइंडिंगवर जे वार्निश मारतात तेच बोर्डाच्या दोन्ही बाजूंना दोन हात मारलं. पारदर्शक असतं, त्यामुळं खालचं सगळं दिसतं. एखादा भाग बदलायचा झाला तर खरवडून डाग सोडवता येतो. डांबरात बुजवायची गरज नाही. पेटीची भोकं रबरी ग्रोमेटनं बंद केली.

खेड्यात बसून असलं काही करणारे आम्ही पहिले नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे, कोरडवाहू गाव. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या पोरांना हातानं काम करत शिकवायचं, हा त्यांचा विचार. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं २००२ मध्ये तिथं फॅब लॅब उभी करायला मदत केली. जगभर आज ज्या फॅब लॅब आहेत, त्यांतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबमध्ये पाबळचं नाव घेतात. नील गर्शनफेल्ड यांनी २००५ च्या आपल्या 'फॅब' या पुस्तकात पाबळबद्दल लिहिलं आहे. फॅब लॅबमध्ये बोर्ड करायची रीत वेगळी. संगणकावर चालणारं छोटं मशीन बारीक टोकानं नको असलेलं तांबं खरवडून काढतं. द्रावण नाही, गाळ नाही. मशीन महाग पडतं, पण एखाद्या शेतकरी गटानं किंवा शाळेनं घ्यायचं ठरवलं तर माझ्या मते तीच रीत उत्तम.

आता हिशोब रोखठोक मांडतो. आज कारखान्याला फाइल पाठवली की भोकं पाडून, हिरवा लेप देऊन सुबक बोर्ड कुरिअरनं घरी येतात. दहा-वीस सारखे बोर्ड पाहिजेत तर तेच स्वस्त आणि तेच पक्के. एकच बोर्ड पाहिजे तर मार्कर किंवा इस्त्री. प्रिंटरची खटपट कुठं परवडते? जिथं आकृती ठरायची आहे, आज करून उद्या विहिरीवर लावून बघायचं आहे, परवा बदलायचं आहे, तिथं. शिवाय प्रिंटर पाळीव जनावरासारखा आहे. आठवड्यातून एकदा तरी चालवला पाहिजे, नाहीतर नोझल धरतात. परत कागदाच्या कामाला तो येत नाही, म्हणून घरातला चांगला प्रिंटर कुणी उघडू नये.

पाचही बोर्ड मागच्या हंगामात चालले. रात्रीची लाइट आली की मोटार चालू करून घरी यायचं आणि झोपायचं. विहिरीवर बसणं बंद झालं, माझ्या लेखी सगळ्यात मोठी कमाई ही. श्रावणात शेजाऱ्याचा बोर्ड बंद पडला. पुतण्या कंपनीत ड्युटीवर. त्यानं फोनवर सांगितलं, मी मीटर लावून बघितलं, रिले गेला होता. कोपरगावातून नवा आणला आणि संध्याकाळच्या आत बसवला. मी दहावी शिकलेला माणूस. मला त्या बोर्डात काय आहे ते माहीत होतं, म्हणून हे जमलं.

आता प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून आकृती चिकटवली आहे. कुठला भाग कुठं, त्याचा नंबर काय, किती व्होल्ट यायला पाहिजेत, सगळं मराठीत लिहून. उद्या मी नसलो, पुतण्या बदलीवर गेला, तरी जो कुणी झाकण उघडेल त्याला ते वाचता येईल.

पुढच्या नोंदीत कांदा चाळीतल्या हवेबद्दल लिहीन.